सोंडेची पिन

आमच्या ह्यांना यार्डात सगळे मास्तर म्हणतात. शाळेत किती शिकले ते विचारू नका, तिकडे सगळा आनंदच आहे. मास्तर हे नाव पडलं ते नियमांमुळे. हे खोदाईचं मशीन चालवतात. पुढे माती उचलायचं भलंमोठं सूप, मागे खोदायची लांब सोंड आणि मध्ये काचेच्या खोलीत हे. ह्यांचं म्हणणं असं, की खोदणं काय, उंदरालासुद्धा येतं. खरी परीक्षा मशीन यार्डातून कामावर नेताना, रस्त्यावर. "कामावर आपण मालक," हे म्हणायचे, "रस्त्यावर आपण पाहुणे. पाहुण्यानं अंग आखडून बसावं."

अंग आखडून म्हणजे कसं, ते मला झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेन, इतक्या वेळा ऐकलंय. सूप जमिनीपासून वीतभर वर हवं, पण समोरचं दिसू नये इतकं वर नको. सुपाच्या दातांवर पट्टी हवी. बाजूचे दोन्ही टेकू वर उचललेले. टपावरचा पिवळा दिवा फिरता. पुढे लाल झेंडीवाला माणूस चालता. सुपात कुणालाही बसवायचं नाही, सख्ख्या भावालाही नाही. आणि मुख्य म्हणजे मागची सोंड दुमडून मधोमध आणायची, तिच्या बिजागरीत लोखंडी पिन घालायची आणि पिनेला क्लिप लावायची. पिन असली की सोंड जागची हलत नाही. नसली तर वळणावर बाहेर झुलते, आणि तेव्हा चालवणाऱ्याची तिकडे पाठ असते.

घरातसुद्धा हाच जाच. बाजारातून येताना मी छत्री जरा आडवी धरली की, "टोक आत घे, मागच्याच्या डोळ्यात जाईल." ताटाबाहेर चमचा राहिला की, "सोंड आत घ्या." एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, एक पिवळा दिवा आणा आणि बांधा माझ्या डोक्यावर." हे गंभीरपणे म्हणाले, "संध्याकाळच्या वेळी वाईट नाही कल्पना." आता काय बोलायचं अशा माणसाशी!

झेंडी धरायचे दाजी. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. हे सारखे दाजी दाजी करायचे म्हणून ते सगळ्या यार्डाचेच दाजी झाले. यार्डाचे साहेबसुद्धा त्यांना दाजीच म्हणतात. वन्सं म्हणायच्या, "वहिनी, लग्न एकाशी केलं आणि भाऊ मिळाले यार्डभर!" पिन घालायचं काम दाजींचं. पिन घालून, क्लिप लावून झाली की ते झेंडीच्या दांड्यानं पिनेवर दोनदा वाजवायचे. टण्, टण्. आत ह्यांना ऐकू गेलं की हे हात वर करायचे. हात वर गेलेला दिसला की दाजी पुढे रस्त्यावर जायचे. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता, ह्या दोघांनी आपापसांत ठरवलेला होता. पण त्यात कधी खंड पडला नाही. दोघांना त्याचा कोण अभिमान!

आणि तरी थंडीच्या दिवसांत, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, सोंड बाहेर आली.

दाजी तेव्हा मशीनला पुढे जाऊ देऊन, मागून येणाऱ्या गाड्या थांबवायला वळणाच्या कडेला उभे होते. सोंडेनं त्यांना दगडी कठड्यावर दाबलं. मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला, पण पाय आखूड झाला तो झालाच. आता कुबडीशिवाय उठता येत नाही.

चौकशी झाली. पिन बिजागरीत नव्हती, रस्त्यावरही सापडली नाही. यार्डातल्या लोकांनी गटारं उपसली. चौकशीचा साहेब दवाखान्यात आला तेव्हा मी तिथेच होते, वन्संना डबा द्यायला गेले होते. त्यानं विचारायच्या आधीच दाजी म्हणाले, "पिन मीच घालतो. त्या दिवशीही घातली, वाजवली. पण क्लिप लावल्याचं काही केल्या आठवत नाही. राहिलीच असणार. त्याशिवाय पिन निसटेल कशी?" साहेबानं मान हलवली आणि लिहून घेतलं. मग दाजी ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमच्या मशीनला माझ्यामुळे बट्टा लागला. माफ करा."

हे खाटेच्या पायाशी उभे होते. चेहरा राखेसारखा. मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्यांना.

त्यानंतर ह्यांनी दाजींचं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कामावरून सुटले की थेट तिकडे. दाजींना उचलून संडासापर्यंत नेणं, पाय चोळून देणं, औषधं आणणं, वन्संची भाजी आणणं. एकदा तर त्यांच्या बाथरूममध्ये गुळगुळीत फरशी होती म्हणून स्वतः खरखरीत फरशी बसवून आले. शेजारपाजारचे म्हणायचे, मेहुणा असावा तर असा. मी मिरवायचे. खरं सांगते, कॉलर असती तर ताठ केली असती. हे मात्र कुणी कौतुक केलं की उठून बाहेर जायचे. घरात नियम सांगणंही बंद झालं. मी मुद्दाम छत्री आडवी धरून बघितली, तरी काही बोलले नाहीत.

दाजींचं मात्र काहीतरी बिघडलं होतं, आणि ते पायाच्या पलीकडचं होतं. वन्सं एकदा ओट्याशी उभ्या राहून रडायला लागल्या. "वहिनी, दुधाकडे जरा लक्ष ठेवा म्हटलं तरी नको म्हणतात. कुलूप मी लावलं तरी मलाच परत बघायला लावतात. शेजारचं बाळ त्यांच्या मांडीवर द्यायला गेले, तर हात मागे घेतले. म्हणतात, माझ्या हातात काही देऊ नकोस, माझ्या हातावर माझाच भरवसा नाही."

मग यार्डाच्या साहेबांनी नवीन पद्धत घातली. फाटकाशी एक माणूस बसणार, आणि त्यानं तपासून सोडल्याशिवाय कुठलंही मशीन रस्त्यावर जाणार नाही. बसून करायचं काम, पगार चांगला. साहेब स्वतः दाजींच्या घरी आले. म्हणाले, "तुमच्याइतकं हे कुणाला कळतं? खुर्ची तुमची."

आम्ही दोघंही तिथे होतो. मला इतका आनंद झाला की मी चहात दोनदा साखर घातली. पण दाजी म्हणाले, "नको साहेब. ज्याला एक क्लिप लावता आली नाही, त्यानं दुसऱ्यांच्या पिना तपासायच्या? उद्या कुणाचं काही झालं तर? नको."

साहेबांनी समजावलं, वन्संनी समजावलं, मी तर भांडलेच. "दाजी, चूक कुणाकडून होत नाही?" ते नुसती मान हलवत राहिले. साहेब उठले. म्हणाले, "या महिनाअखेरपर्यंत थांबतो. मग मला दुसरा माणूस बघावा लागेल." हे सगळा वेळ कपातल्या चहाकडे बघत बसले होते. चहावर साय धरली.

बाहेर पडल्यावर मी ह्यांच्यावर उखडले. "तोंडात मिठाची गुळणी धरली होतीत का? तुमचं ऐकतात ते! तुम्ही एक शब्द बोलला असता तर ऐकलं असतं त्यांनी!" हे पुढे चालत राहिले, रस्त्याच्या अगदी कडेनं.

त्याच रविवारी मी गरम कपडे धुवायला काढले. ह्यांचं जाकीट दाराआड खुंटीवर होतं. अपघातानंतर त्यांनी ते अंगात घातलं नव्हतं आणि मला धुवूही दिलं नव्हतं. राहू दे, राहू दे म्हणायचे. त्या दिवशी हे दाढी करत होते. मी म्हटलं, राहू दे काय राहू दे, थंडी संपली. भिजवलं, आणि पहिल्याच धोपटण्याला दगडावर ठण्णकन आवाज झाला. माझं मनगट झिणझिणलं.

आतला खिसा वरून टाचलेला होता. पुरुषी टाके, ओबडधोबड. मी ते उसवले. आत अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब लोखंडी पिन. टोकाला क्लिप, व्यवस्थित लावलेली.

मी मशीन चालवत नाही, पण ह्यांची बायको आहे. मला कळायला वेळ लागला नाही.

"अहो," मी म्हटलं. हे आले. अर्ध्या गालाला साबण. पिन बघितली आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले.

"ही कुठे होती?"

"खिशात."

"ते दिसतंय मला, आंधळी नाहीये मी! खिशात आली कशी?"

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी दाजींनी पिन घातली, वाजवली, ह्यांनी हात वर केला आणि दाजी पुढे रस्त्यावर गेले. मशीन फाटकातून बाहेर काढताना ह्यांनी मागे वळून बघितलं, तर सोंडेच्या बकेटीला ओल्या चिखलाचा मोठा गोळा चिकटलेला. तो रस्त्यावर पडला की दुचाकीवाले घसरतात. चिखल घेऊन रस्त्यावर जायचं नाही, हाही ह्यांचाच नियम. म्हणून हे उतरले, पिन काढली, हरवू नये म्हणून तिची क्लिप तिलाच लावून खिशात टाकली. वर जाऊन सोंड बाजूला नेली, चिखल झटकला, सोंड परत मधोमध आणली. एवढ्यात मागे एक टेम्पो येऊन हॉर्नवर हॉर्न मारायला लागला. सोंड चालवायला मागे फिरवलेली सीट ह्यांनी घाईनं पुढे वळवली आणि निघाले. जुनं मशीन, तेलाचा दाब टिकत नाही. टाकीच्या वळणावर एक गचका बसला आणि सोंड गेली.

"दाजींकडे धावायला मी उडी मारली," हे म्हणाले, "तेव्हा पिन बरगडीवर आपटली. तेव्हा आठवलं."

"आणि तरी गप्प बसलात? ते खाटेवरून माफी मागत होते तुमची! आणि तुम्ही ती घेतलीत!"

"सांगणारच होतो मी. जिना चढताना वाक्य जुळवत होतो. पण ते आधीच बोलले. आणि मला..." त्यांनी साबणाच्या गालावरून हात फिरवला. "मला सुटल्यासारखं वाटलं गं. क्षणभरच. मग दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर कालच का नाही सांगितलं हा प्रश्न आला. मग रोजच आला."

मी त्यांना नको नको ते बोलले. ढोंगी म्हटलं, भेकड म्हटलं. पाय चोळताय कसला, आधी त्यांचं डोकं ठिकाणावर आणा म्हटलं. हे खाली मान घालून ऐकत होते आणि गाल पुसत होते, साबण कधीच वाळला होता तरी.

खोटं कशाला बोलू, ओरडून झाल्यावर माझ्याही मनात आलं, की पिन पुन्हा खिशात टाकावी आणि टाचून टाकावी. लायसन गेलं तर काय खायचं? वन्संचं माहेर तुटलं तर? दाजींचा पाय काही लांब होणार नाही. असं सगळं मनात आलं. पण मग बाळापासून मागे घेतलेले ते हात डोळ्यांसमोर यायचे. दोन दिवस आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता घरात वावरलो. तिसऱ्या दिवशी मी पिन फडक्यात गुंडाळून ह्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "तुम्ही चालताय की मी एकटी जाऊ?"

दुपारची वेळ होती. वन्सं मटार सोलत बसल्या होत्या, दाजी खिडकीशी खुर्चीत. "या मास्तर," म्हणून त्यांनी नेहमीसारखी कुबडी बाजूला घेतली, ह्यांना बसायला जागा करून दिली. हे बसले नाहीत. फडकं टेबलावर ठेवलं आणि उलगडलं.

दाजींनी पिन उचलली. उलटीसुलटी केली. मग क्लिपवर बोट ठेवलं आणि तिथेच थांबले. निसटून पडलेल्या पिनेला क्लिप नसते, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

"कुठे होती?"

"माझ्या खिशात," हे म्हणाले. "तुम्ही पुढे गेल्यावर मी काढली होती. चिखल झटकायला. परत घातली नाही."

वन्संच्या हातातली शेंग तशीच अर्धी उघडलेली. मग दाजींनी अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे मी क्लिप लावली होती?"

"लावली होती."

"वाजवली होती मी?"

"वाजवली होती. दोनदा. मी ऐकली, हातही वर केला."

दाजी वन्संकडे वळले. "ऐकलंस? लावली होती मी. मी लावली होती गं!" आणि तो धिप्पाड माणूस तोंडावर हात घेऊन हमसाहमशी रडायला लागला. हसत होते की रडत होते ते समजेना. सारखं एकच, लावली होती, लावली होती. मला तिथे उभं राहवेना. ह्यांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्याला हात लावला आणि तिथेच सगळं फिरलं.

"हात काढ!" दाजी ओरडले. इतक्या वर्षांत त्यांनी ह्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. "पायाचं काही नाही रे! पाय काय, हाड आहे, मोडतं. तूही माणूस आहेस, विसरलास. पण मी रोज अंथरुणावर पडलो की ती पिन घालत होतो. रोज! घालायचो, आणि क्लिपपाशी आलो की पुढचं दिसायचं नाही. माझं डोकं फिरत चाललंय असं वाटत होतं मला. आणि तू रोज इथे येऊन माझे पाय चोळत होतास. ऊठ, चालता हो."

वन्संनी भावाकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, "वहिनी, तुला कधी कळलं?"

"रविवारी," मी म्हटलं. "आज बुधवार. तीन दिवस गप्प बसले. शिव्या घालायच्या तर मलाही घाला."

"तूही जा," त्या म्हणाल्या आणि मटारचं ताट उचलून आत गेल्या.

आम्ही जिना उतरलो. हे घरी आलेच नाहीत, तसेच यार्डात साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी चौकशीवाल्यांना कळवलं. लायसन काही काळासाठी गेलं. साहेबांनी कामावरून काढलं नाही, पण मशीनवरून उतरवलं. हे मशिनं धुवायला लागले. हातात पाइप, पायात रबरी बूट. यार्डातली पोरंटोरं येताजाता टोमणे मारायची, "काय मास्तर, आजचा नियम काय?" हे ऐकून घ्यायचे. मी म्हटलं, ऐका, तुमच्या कर्माची फळं. पण रबरी बुटांत भिजलेले पाय मीच पुसून द्यायचे. जळो मेला हा जीव, राग आला तरी माणूस आपलाच असतो.

महिनाअखेरीला फाटकाशी खुर्ची आली आणि तिच्यावर दाजी येऊन बसले. लोक सांगतात, पहिल्या दिवशी त्यांनी तीन मशिनं परत पाठवली. एकाच्या दातांवर पट्टी नव्हती, एकाचा दिवा बंद, आणि एकाच्या सुपात फावडी. मालक असो की ठेकेदार, दाजी कुणाचं ऐकत नाहीत. शेजारचं बाळ आता त्यांच्या मांडीवर असतं, असंही कानावर आलं. आम्हाला मात्र बोलावणं नव्हतं. हे यार्डात शिरताना रोज नमस्कार करायचे, दाजी मान दुसरीकडे वळवायचे.

लायसन परत मिळालं त्या सकाळी हे डबा विसरून गेले. इतके घाबरले होते. मी डबा घेऊन मागोमाग गेले तर हे मशीन घेऊन फाटकाशी उभे. टपावरचा दिवा फिरत होता, सूप वीतभर वर, दातांवर पट्टी. मी भिंतीशी थांबले.

दाजी कुबडीवर भार देऊन उठले. मशीनला पूर्ण फेरी मारली. टेकू बघितले, पट्टी ओढून बघितली. मागे गेले, वाकून क्लिपवर बोट ठेवलं आणि कुबडीच्या टोकानं पिनेवर वाजवलं. टण्, टण्.

आत ह्यांनी हात वर केला.

दाजी पुढे आले आणि मशीनच्या समोर उभे राहिले. बाजूला होईनात. मागे दुसरं मशीन येऊन थांबलं, तिसरं आलं. कुणीतरी हॉर्न दिला. ह्यांनी पुन्हा हात वर केला.

"हात नको, मास्तर," दाजी म्हणाले. "हातावर माझं भागत नाही आता. तोंडानं सांगा."

ह्यांनी काच सरकवली. ओठ हलले, पण इंजिनच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं!"

"वाजली!" हे ओरडले. आवाज फाटला. "मी ऐकली, दाजी! वाजली होती!"

दाजींनी कुबडी उचलली आणि रस्ता मोकळा केला. आता हे रोज असंच चालतं. दुसऱ्या कुठल्याही चालकाला दाजी बोलायला लावत नाहीत, तिथे हात चालतो. फक्त ह्यांना रोज, सगळ्यांसमोर, काच उघडून सांगावं लागतं. आणि हे रोज सांगतात.